दृश्यकलेच्या विद्यार्थ्यांना विषयाचं इंग्रजी: सुरुवात कुठून करायची?

अक्षरवेळ

चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण आणि सिरॅमिक्स अशा चार विभागांच्या एकत्रित पदवी वर्गाला त्यांच्या विषयाचं इंग्रजी शिकवण्याचा आराखडा करायचा आहे. १५ आठवडे, आठवड्याला दोन तास, वर्गात २५ जण, पातळी ए२ पासून बी२ पर्यंत (युरोपीय भाषा-चौकटीनुसार प्राथमिकच्या वरची ते स्वतंत्रपणे भाषा वापरता येण्याची) सरमिसळ. नेहमीचा अभ्यासक्रम म्हणजे काळ, उपपदं, अर्जाचा नमुना आणि एखादा निबंध. स्टुडिओत याचा उपयोग होत नाही हे विद्यार्थ्यांच्या लवकर लक्षात येतं.

प्रश्न असे: शब्दसंग्रह कुठून घ्यायचा? शिकवणारा भाषेचा असेल आणि स्टुडिओतलं काम त्याला ठाऊक नसेल तर काय करायचं? आणि 'आर्टिस्ट स्टेटमेंट', म्हणजे कलाकाराने स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेलं छोटं निवेदन, कधी लिहायला लावायचं? पहिल्याच महिन्यात लावणं मला चुकीचं वाटतं, पण त्याचं कारण नीट मांडता येत नाही. कृपया तपशिलात लिहा.

ठसा

शब्दांच्या याद्या आधी बाजूला ठेवा आणि कागद गोळा करा. या मुलांच्या हातात इंग्रजी कुठल्या रूपात येतं? रंगाच्या ट्यूबवरचं लेबल, आम्लासोबत येणारं सुरक्षा-पत्रक, भट्टीच्या कंट्रोलरचं मॅन्युअल, संग्रहालयात चित्राशेजारी लावलेली पाटी, प्रदर्शनाचा ओपन कॉल (कामं पाठवण्याचं जाहीर आवाहन), रेसिडेन्सीचा (एखाद्या ठिकाणी राहून काम करण्याच्या संधीचा) अर्ज, कॅटलॉगमधला लेख, क्रिटमध्ये (वर्गात एकमेकांच्या कामावर होणाऱ्या चर्चेत) विचारले जाणारे प्रश्न. प्रत्येकाचे चार-पाच नमुने जमवा आणि ढीग करा: नुसतं वाचायचं, स्वतः लिहायचं, तोंडी पेलायचं. अभ्यासक्रम या ढिगांतूनच निघतो.

विशिष्ट कामासाठीचं इंग्रजी शिकवण्याबद्दल हचिन्सन आणि वॉटर्स यांनी १९८७ साली मांडलेली विभागणी इथे फार कामाची आहे: कामाला काय लागतं, त्यातलं काय येत नाही, आणि विद्यार्थ्याला स्वतःला काय हवं आहे. तिन्ही उत्तरं वेगळी येतात. विद्यार्थ्यांना विचारलं तर 'बोलता आलं पाहिजे' एवढंच सांगतात. सुरक्षा-पत्रक वाचता येत नाही असं कोणी सांगत नाही, कारण ते उघडून पाहिलेलंच नसतं. त्या पत्रकाचे १६ विभाग ठरलेल्या क्रमाने असतात. दुसऱ्यात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे-चष्म्यासारखी साधनं. नायट्रिक आम्लाचं पत्रक द्या आणि तीन मिनिटांत दोनच गोष्टी शोधायला सांगा: हातमोजे कसले हवेत, आणि डोळ्यात उडालं तर पहिल्यांदा काय करायचं. सगळं वाचायला लावू नका. असा मजकूर हवं ते शोधण्यासाठी असतो, आणि शोधून वाचणं हे वेगळं कौशल्य आहे.

आता शब्दांबद्दल. कॉक्सहेड यांची २००० सालची ५७० शब्दकुलांची अकादमिक यादी बरेच जण तशीच उचलतात. ती वाईट नाही, पण तिची रचना लक्षात घ्या. सर्वात नेहमीचे २००० शब्द 'येतातच' असं गृहीत धरून ती केली आहे. आणि कलेत घोटाळा होतो तो नेमका त्याच शब्दांत. ग्राउंड, बॉडी, की, टूथ हे सगळे शब्द आठवी-नववीतल्या मुलाला 'येतात', म्हणून ते कुठल्याच यादीत येत नाहीत आणि कोणी शिकवतही नाही.

मातीचा_गोळा

+१. शेवटचा मुद्दा तर पाटीवर लिहून ठेवावा असा आहे. अवघड दिसणारा शब्द विद्यार्थी शब्दकोशात बघतो. ओळखीचा वाटणारा शब्द तो बघत नाही आणि अर्थ चुकतो.

'ग्राउंड'चेच बघा. तैलचित्रात तो कॅनव्हासवर दिलेला तयारीचा थर. एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून ठसे घेण्याच्या पद्धतीत) पत्र्यावरचा, आम्लाला अडवणारा थर. रचनेबद्दल बोलताना आकृतीच्या मागची जागा. तिन्ही अर्थ एकाच इमारतीत, शेजारशेजारच्या खोल्यांत वापरले जातात. 'साइझ' हे क्रियापद तर हमखास फसवतं: 'साइझ द कॅनव्हास' म्हणजे माप घेणं नव्हे, सरसासारख्या द्रावाने कापडाची शोषकता कमी करणं. 'व्हॅल्यू' म्हणजे किंमत नाही, रंगाचा उजळ-गडदपणा. 'सपोर्ट' म्हणजे ज्यावर रंग बसतो तो कागद, फळी किंवा कापड. 'टूथ' म्हणजे कागदाचा खरखरीतपणा, ज्यात खडू धरून राहतो.

मातीकामात 'थ्रो' म्हणजे चाकावर भांडं घडवणं, 'स्लिप' म्हणजे मातीचा पातळ लगदा, 'वेज' म्हणजे हवा काढण्यासाठी माती मळणं. 'लेदर-हार्ड' आणि 'बोन-ड्राय' या वाळण्याच्या दोन वेगळ्या अवस्था आहेत. हँडल पहिल्या अवस्थेत जोडतात, भट्टीत भांडं दुसऱ्या अवस्थेत जातं. इथे शब्द चुकला तर हँडल गळून पडतं किंवा भांडं भट्टीत फुटतं. इंग्रजीच्या तासाला इतका थेट परिणाम दुसरीकडे कुठे दिसत नाही, त्याचा फायदा घ्या.

पद्धत: टेबलावर १२ वस्तू मांडा, त्यांना क्रमांक द्या. आधी वस्तू हातात, मग तिचं काम एका वाक्यात, शब्द सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलात तर मुलं शब्दापुढे मराठी प्रतिशब्द लिहून मोकळी होतात आणि 'ग्राउंड = जमीन' असं वहीत कायमचं बसतं.

कोरी_पाटी

पण हे सगळं भाषेच्या शिक्षकाला कुठून माहीत असणार? विद्यार्थ्याला एचिंग येतं आणि शिक्षकाला येत नाही. वर्गात अधिकार उलटा होतो.

ठसा

@कोरी_पाटी, तो उलटाच राहू द्या. विद्यार्थ्याकडे माहिती आहे, तुमच्याकडे भाषा आहे. ज्याला खरंच माहीत नाही अशा माणसाला समजावून सांगणं यापेक्षा चांगला संवादाचा सराव नाही. अट एवढीच, की शिक्षकाने खोटं जाणकारपण दाखवू नये आणि खरे प्रश्न विचारावेत. स्टुडिओच्या शिक्षकाला दर चार तासांपैकी एका तासाला बसवून घ्या. त्याने शब्द बरोबर वापरला का ते पाहावं, तुम्ही वाक्य पाहावं. दोघांनी एकाच वेळी दुरुस्त्या करू नयेत, विद्यार्थी गप्प होतो.

आणि पहिला पाठ रंगाच्या ट्यूबचा घ्या. पाव तासाच्या तयारीत कुठल्याही शिक्षकाला जमतो. लेबलवर रंगद्रव्याचा संकेत असतो: पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियमचा पांढरा, पीआर १०८ म्हणजे कॅडमियमचा लाल. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रतवारीत प्रकाशात टिकण्याचा क्रम रोमन आकड्यात: एक म्हणजे उत्तम, दोन म्हणजे खूप चांगला, तीनपासून पुढे कायमस्वरूपी कामासाठी भरवसा नाही. 'सीरिज'चा आकडा दर्जाचा नसून किमतीचा गट दाखवतो. आणि 'कॅडमियम रेड ह्यू' लिहिलेल्या ट्यूबमध्ये कॅडमियम नसतं, तशी छटा दुसऱ्या रंगद्रव्यातून आणलेली असते. एरवी 'ह्यू' म्हणजे रंगाचं नुसतं कुळ, लाल की निळं. लेबलवर तोच शब्द 'च्यासारखा' या अर्थाने येतो. त्याच ओघात टिंट म्हणजे पांढरा मिसळून, शेड म्हणजे काळा मिसळून, टोन म्हणजे करडा मिसळून, हा फरक पॅलेटवर करून दाखवायला सांगा. तोंडी व्याख्या पाठ करून घेऊ नका.

रेघ_आणि_जागा

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चित्राखालची पाटी घ्या. सगळ्यात लहान मजकूर आणि सगळ्यात कडक नियम. कलाकाराचं नाव, शीर्षक तिरक्या अक्षरांत, वर्ष, माध्यम, माप, मग संग्रह. व्हॅन गॉगच्या 'द स्टारी नाइट'ची पाटी घ्या: १८८९, ऑइल ऑन कॅनव्हास, ७३.७ × ९२.१ सेंमी, न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट. माप लिहिताना उंची आधी, रुंदी नंतर, शिल्प असेल तर खोली शेवटी. विद्यार्थी रुंदी आधी लिहितात आणि आडवं चित्र कागदोपत्री उभं होतं. मग प्रदर्शनात भिंतीवरची जागा चुकीची ठरते.

माध्यमाच्या ओळीत प्रिपोझिशन शिकवून होतात. ऑइल 'ऑन' कॅनव्हास, इंक 'ऑन' पेपर, पण कास्ट 'इन' ब्राँझ, आणि कार्व्ह्ड 'फ्रॉम' अ सिंगल ब्लॉक. पाटीत उपपद नाही. वाक्यात आलं की लगेच उपपद लागतं: 'शी पेंटेड इट ऑन अ लार्ज कॅनव्हास'. हा फरक समोरासमोर ठेवा, कारण मराठीत उपपदं नाहीत आणि पाटीची सवय वाक्यात उतरते. मुद्राचित्राला शेवटी आवृत्तीचा क्रमांक: ३/२५ म्हणजे पंचविसांतला तिसरा ठसा. तो तीन पंचविसांश अशा अपूर्णांकासारखा वाचायचा नाही.

'मीडियम'चं अनेकवचनही इथेच मिटवा. कलेचं माध्यम या अर्थाने 'मीडिया', आणि रंगात मिसळायचे द्रव असतील तर 'मीडियम्स'. 'मिक्स्ड मीडिया' हे ठीक, पण त्याआड लपू देऊ नका. काय काय मिसळलं ते लिहायला लावा: 'चारकोल, थ्रेड अँड टी ऑन पेपर'. शब्दही वाढतात आणि कामाबद्दलचा विचारही स्वच्छ होतो.

उभी_आडवी

वर्णनासाठी पाठमोरं चित्र हा जुना सराव अजूनही सर्वात चांगला आहे, फक्त तो नीट बांधावा लागतो. दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाकडे चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. सहा मिनिटं. चित्रात पाच ते सात ठळक गोष्टी असाव्यात. जास्त असल्या की नुसती यादी होते, कमी असल्या की दोन मिनिटांत संपतं. व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र चांगलं: डावीकडे खिडकी, टेबलावर पाव, जग, आणि उजवीकडे खाली जमिनीवर पाय शेकायची पेटी, जी बहुतेक जण सांगायची विसरतात. होकुसाईची मोठी लाट घेतली तर तीन होड्या आणि मागे लहानसा फुजी, म्हणजे 'इन द डिस्टन्स' आणि 'इन द फोरग्राउंड' आपोआप येतात.

काय बिघडतं? हात. कलेचे विद्यार्थी हवेत आकार काढून दाखवतात. म्हणून पाठमोरं बसणं गरजेचं आहे. दुसरं, चित्र काढणारा चांगला असेल तर अर्धवट वर्णनावरूनही ते सुंदर काढतो आणि चूक झाकली जाते. गुण चित्राला द्यायचे नाहीत. मूळ चित्र शेजारी ठेवून तीन फरक इंग्रजीत सांगायचे, त्याला गुण.

जागेचे शब्द मराठीच्या आधारानेच शिकवा, चोरून नव्हे, उघडपणे. 'चित्रात बाई आहे' आणि 'चित्रावर धूळ आहे' हा फरक इंग्रजीत जसाच्या तसा आहे: 'इन द पेंटिंग', 'ऑन द पेंटिंग'. तिथे अडचण नाही. अडचण पुढे येते: 'कोपऱ्यात'ला 'इन', 'डावीकडे'ला 'ऑन', 'वरच्या बाजूला'ला 'अॅट'. हे तीनच घोकून घ्या.

आणि 'द पेंटिंग इज शोइंग' हे पहिल्या दिवसापासून थांबवा. मराठीत 'दाखवत आहे' चालतं, म्हणून ते येतं. 'शोज', 'डिपिक्ट्स', 'सजेस्ट्स'. आणि 'डिपिक्ट'नंतर 'अबाउट' नाही.

ठसा

प्रक्रियेच्या लेखनाबद्दल राहिलं. एचिंग घ्या, कारण क्रम चुकला तर पत्रा वाया जातो. कडा तिरक्या घासणं, तेलकटपणा काढणं, ग्राउंड देणं, सुईने रेखाटणं, आम्लात ठेवणं, धुणं, जिथे आणखी खोदायचं नाही तो भाग झाकणं, पुन्हा आम्ल, ग्राउंड काढणं, शाई भरणं, पुसणं, ओलसर कागदावर दाबयंत्रातून ठसा घेणं. या १२ पायऱ्या १२ कार्डांवर, उलटसुलट. मुद्राचित्रणाचे विद्यार्थी गटागटांत वाटून टाका म्हणजे प्रत्येक गटात एक जाणकार असतो.

क्रम लावणं सोपं. भाषेचं काम त्यानंतर आहे. 'देन, देन, देन' अशी माळ लागते. तिथे 'देन'ला फक्त दोनदा परवानगी द्या. बाकी 'वन्स', 'अंटिल', 'बिफोर' वापरायचं. 'अंटिल' महत्त्वाचं, कारण स्टुडिओतलं बरंच काम मिनिटांवर नाही तर दिसण्यावर चालतं: अमुक दिसेपर्यंत पुसा.

इथे एक चूक इतकी पक्की आहे की तिच्यासाठी अर्धा तास वेगळा ठेवा: 'आफ्टर ड्रायिंग, आय अप्लाय द सेकंड लेयर'. इंग्रजीत याचा अर्थ मी वाळलो असा निघतो. मराठीत 'वाळल्यावर मी दुसरा थर देतो' निर्दोष आहे, कारण '-ल्यावर'ला वेगळा कर्ता चालतो. इंग्रजीतल्या त्या रचनेला चालत नाही. म्हणून 'वन्स द फर्स्ट लेयर इज ड्राय' असं कर्ता उघड करून लिहायचं. नियम न सांगता 'कोण वाळलं?' एवढाच प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारा, विद्यार्थी स्वतः दुरुस्त करतात.

कर्मणी प्रयोगाचा अतिरेकही नको. पद्धत लिहिताना 'द प्लेट इज इंक्ड' योग्य. सूचना लिहिताना आज्ञार्थ. स्वतःच्या कामाबद्दल लिहिताना 'आय'. एकच प्रक्रिया तिन्ही रूपांत लिहून घेतली की कोणासाठी लिहितोय हे कळतं.

कोरी_पाटी

उच्चारांचं काय? निम्मे शब्द इटालियन-फ्रेंच.

मातीचा_गोळा

थोडक्यात: स्पेलिंगवरून अंदाज बांधू देऊ नका. 'इन्टाल्यो'त 'ग'चा उच्चार नाही. 'कियारोस्कूरो'ची सुरुवात 'क'ने, 'च'ने नाही. 'जेसो', 'गुआश', 'कोलाझ'. आठवड्याला पाच शब्द, प्रत्येक शब्द वाक्यात तीनदा. पॅलेटची उलट अडचण आहे: रंगाची पाटी, टाळू आणि सामान उचलायची लाकडी चौकट या तिन्हींचा उच्चार एकच आणि स्पेलिंगं तीन. संगणक चूक दाखवत नाही, कारण तिन्ही शब्द बरोबर आहेत.

खिडकीपाशी

स्टेटमेंटबद्दल वेगळं मत. ते लवकरच शिकवा, आणि कलादालनांच्या भाषेतच शिकवा. 'इंटरोगेट्स', 'लिमिनल', 'स्पेस', 'प्रॅक्टिस' हे शब्द नसतील तर अर्ज पहिल्या चाळणीत बाजूला पडण्याची भीती असते. ती भाषा आवडो न आवडो, दाराची किल्ली आहे, आणि ती न देणं विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

रेघ_आणि_जागा

@खिडकीपाशी, काळजी रास्त आहे, उपाय पटत नाही. अॅलिक्स रूल आणि डेव्हिड लिव्हाइन यांनी ई-फ्लक्स या कलाविषयक ईमेल-सेवेवरून प्रसारित झालेल्या प्रदर्शन-घोषणांचा संगणकाने अभ्यास करून २०१२ साली तो प्रसिद्ध केला आणि या बोलीला 'इंटरनॅशनल आर्ट इंग्लिश' असं नाव दिलं. तिची खूण म्हणजे विशेषणाचं ओढूनताणून केलेलं नाम: 'व्हिज्युअल'चं 'व्हिज्युअॅलिटी', 'ग्लोबल'चं 'ग्लोबॅलिटी'. ही बोली वाचता यायलाच हवी. ओपन कॉल तिच्यात लिहिलेले असतात आणि मागणी काय आहे हे त्या धुक्यातून काढावं लागतं. त्यासाठी सराव: एक परिच्छेद घ्या आणि त्यातलं प्रत्येक नाम क्रियापदात उलगडून साध्या इंग्रजीत लिहा. कोण काय करतंय ते सापडलं नाही तर तिथे खरंच काही नाही, हेही विद्यार्थ्याला कळू द्या.

पण बी१ पातळीच्या विद्यार्थ्याने ती लिहायला घेतली तर काय होतं? तिच्यातली वाक्यं लांब, त्यात कर्ता हरवतो, क्रियापदाचं वचन चुकतं, आणि मोठ्या शब्दांशेजारी ती चूक जास्त ठळक दिसते. साध्या वाक्यात तोच विद्यार्थी चुकत नाही.

@अक्षरवेळ, तुम्हाला हवं असलेलं कारण माझ्या मते हे: पाटी, लेबल, प्रक्रिया, वर्णन हे सगळे मजकूर समोरच्या वस्तूशी ताडून बघता येतात. माप चुकलं तर पट्टी लावून दाखवता येतं. स्टेटमेंट मात्र ताडून बघायला काहीच नसतं, म्हणून पहिल्या महिन्यात दिलं की विद्यार्थी हवेतले शब्द उचलतो आणि शिक्षकही फक्त व्याकरण दुरुस्त करत बसतो. अकराव्या आठवड्यात द्या. तोवर त्याच्याजवळ स्वतःच्या कामाची पाटी आहे, १५० शब्दांची प्रक्रिया आहे, वर्णनाचा परिच्छेद आहे. स्टेटमेंट त्यांतूनच कापून काढायचं: काय आहे, कसं केलं, आणि मग कशासाठी. १२० शब्द, वर्तमानकाळ, प्रथमपुरुष. 'कशासाठी'ला ४० पेक्षा जास्त शब्द नाहीत.

तपासणी अशी: सहा कामं भिंतीवर, सहा स्टेटमेंट नावाशिवाय टेबलावर. वर्गाने जोड्या लावायच्या. एखादं स्टेटमेंट दोन-तीन कामांखाली बसलं तर ते परत जातं. कुठला शब्द बदलायचा हे सांगावं लागत नाही.

खिडकीपाशी

जोड्या लावण्याची कल्पना पटली. वाचायला शिकवणं आणि लिहायला लावणं वेगळं, हेही मान्य. फक्त अर्जात विचारलेले शब्द उत्तरात दिसायला हवेत, एवढी सूट ठेवा. 'साइट-स्पेसिफिक' (ठरावीक जागेसाठीच केलेलं काम) मागितलं असेल तर ते शब्द हवेत, आणि लगेच पुढे ती जागा कोणती हे हवं.

उभी_आडवी

क्रिटसाठी: पाच जणांचे गट, प्रत्येक कामाला १२ मिनिटं. पहिली चार मिनिटं ज्याचं काम त्याने बोलायचं नाही, इतरांनी फक्त दिसतं ते सांगायचं. कलासमीक्षेसाठी फेल्डमन यांनी सांगितलेल्या चार पायऱ्या, म्हणजे वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि मग निवाडा, इथे उपयोगी आहेत. बहुतेक विद्यार्थी थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात. 'नाइस', 'ब्युटिफुल', 'इंटरेस्टिंग' यांना वर्णनात बंदी.

निवाड्याची भाषा वेगळी शिकवावी लागते. 'यू शुड चेंज द बॅकग्राउंड' हे मराठीतल्या 'बदलायला हवं'इतकं साधं वाटतं, पण ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो. 'आय वंडर इफ', 'इट सीम्स टू', 'द आय इज ड्रॉन टू' अशा दहा सुरुवाती कार्डावर द्या आणि तीन आठवड्यांनी कार्ड काढून घ्या. ते हातात राहिलं तर विद्यार्थी वाचूनच बोलतात.

बोलण्यातल्या चुका कागदावर टिपा आणि शेवटी द्या. मध्येच थांबवायचं ते फक्त तांत्रिक शब्द चुकला तर. आम्लाने कोरलेल्या पत्र्याला 'एनग्रेव्हिंग' म्हटलं तर तिथेच थांबवा, कारण एनग्रेव्हिंगमध्ये आम्ल नसतं, हत्याराने धातू काढलेला असतो, आणि पुढची सगळी चर्चा त्या चुकीवर उभी राहते.

अक्षरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्यूब पहिल्या तासाला, पाटी दुसऱ्या आठवड्यात, स्टेटमेंट अकराव्यात, असं नक्की केलं. एक लहान शंका राहिली: वस्तुचित्र, म्हणजे 'स्टिल लाइफ', याचं अनेकवचन 'लाइव्ह्ज' की 'लाइफ्स'?

रेघ_आणि_जागा

'स्टिल लाइफ्स'. चित्रप्रकाराचं नाव म्हणून ते एकच शब्द धरलं जातं, त्यामुळे 'लाइफ'चं नेहमीचं अनेकवचन लागत नाही. पाटीच्या तासालाच सांगून टाका, नाहीतर स्पेलिंग 'सुधारणारे' विद्यार्थी ते 'लाइव्ह्ज' करून ठेवतात.